बोलायला शिकण्यासाठी ओहायोला

२०१२ च्या जुलै महिन्यात, अमेरिकेला निघण्याच्या पंधरा दिवस आधी, घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी काय शिकायला चालले आहे हे सांगण्याचे काम वडिलांनी माझ्यावरच सोपवले होते, कारण ते त्यांना स्वतःला नीट सांगता येत नव्हते. ‘कम्युनिकेशन’ हा शब्द उच्चारला की आमच्या सातारा जिल्ह्यातल्या बहुतेक नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर ‘ई अँड टीसी’, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनची अभियांत्रिकी, उभी राहत असे आणि मग त्यासाठी पुणे काय वाईट होते, असा रास्त प्रश्न ते विचारत. तो विषय यंत्रांचा नसून माणसांमधल्या संवादाचा आहे असे सांगितले की आजी तांदूळ निवडता निवडता म्हणे, ‘बोलायला शिकायला एवढ्या लांब कशाला जायचं? तुला तर गप्प बसायला शिकवायला पाहिजे.’

अडचण काही अंशी शब्दाचीच आहे. ‘संवाद’ म्हटले की दोन माणसांचे सलोख्याचे बोलणे डोळ्यांपुढे येते, ‘दळणवळण’ म्हटले की रस्ते आणि टपाल येते, ‘जनसंपर्क’ म्हटले की पुढाऱ्यांचे कार्यालय येते. पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा जो विभाग आहे, त्याच्या नावात ‘संज्ञापन’ हा शब्द आहे आणि तो सर्वांत अचूकही आहे. पण तो शब्द घेऊन कोणी घरच्यांची समजूत घालायला गेले तर समजूत घालण्याचे काम दुप्पट होते. मी शेवटी ‘पत्रकारितेसारखंच काहीतरी’ असे सांगून सुटका करून घेतली. ते खरे नव्हते, पण ते का खरे नाही हे त्या वेळी मलाही ठाऊक नव्हते.

मी जेथे गेले ते ओहायो राज्याच्या मध्यभागी, मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांमध्ये वसलेले एक लहान निवासी ‘लिबरल आर्ट्स’ महाविद्यालय होते. ‘लिबरल आर्ट्स’ या नावातल्या ‘आर्ट्स’मुळे आपल्याकडे ती कला शाखा असावी असा समज होतो, आणि ‘उदार कला’ असे भाषांतर केले तर काहीच बोध होत नाही. प्रत्यक्षात तेथे भौतिकशास्त्र, गणित आणि भूशास्त्रही त्याच छपराखाली शिकवले जाते. चार वर्षांत साधारण बत्तीस अभ्यासक्रम घ्यायचे, त्यांतले दहा-अकरा मुख्य विषयाचे, आणि मुख्य विषय कोणता हे दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत जाहीर केले तरी चालते. बारावीच्या निकालादिवशीच माणसाची शाखा आणि जणू स्वभावही ठरवून टाकणाऱ्या व्यवस्थेतून आलेल्या मला ही मोकळीक पहिले काही महिने निष्काळजीपणासारखी वाटली. पहिल्या सत्रात मी भूशास्त्र, संख्याशास्त्र, लेखनाचा अनिवार्य वर्ग आणि संज्ञापनाची तोंडओळख असे चार विषय घेतले होते, आणि हिमनद्यांनी सपाट केलेल्या ओहायोच्या जमिनीबद्दल जे शिकले ते अजून विसरलेले नाही.

या व्यवस्थेत संज्ञापनाचे स्थान मात्र नवखे नाही. मध्ययुगीन युरोपात ज्या सात विद्यांना ‘लिबरल आर्ट्स’ हे नाव होते, त्यांतल्या पहिल्या तीन म्हणजे व्याकरण, तर्क आणि वक्तृत्वशास्त्र. असे असूनही आधुनिक अमेरिकी महाविद्यालयांत वक्तृत्व शिकवणारे शिक्षक इंग्रजी विभागाच्या एका कोपऱ्यात अंग चोरून बसलेले असत. १९१४ साली त्यांच्यातल्या सतरा जणांनी इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेतून बाहेर पडून स्वतःची संघटना काढली. आज या विषयाची अमेरिकेतली जी मोठी संघटना आहे ती हीच. छापील साहित्य वाचणे ही एक विद्या आहे आणि समोर बसलेल्या माणसांशी बोलणे ही दुसरी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. भावकीत वाटणी व्हावी तशी ही वाटणी झाली, आणि तिचे पडसाद आमच्या वेळीही ऐकू येत. आमच्या विभागात कोणी चुकून ‘कम्युनिकेशन्स’ असे अनेकवचन वापरले तर प्राध्यापक लगेच थांबवत: अनेकवचनी शब्द म्हणजे तारा, मनोरे आणि उपग्रह, आपला विषय एकवचनी आहे.

गंमत अशी की अभियांत्रिकीची आठवण काढणारे माझे नातेवाईक फारसे चुकलेले नव्हते. पहिल्याच महिन्यात फळ्यावर जी आकृती काढली गेली ती क्लॉड शॅनन या, टेलिफोन कंपनीच्या बेल प्रयोगशाळेतल्या गणितज्ञाची होती. १९४८ सालच्या आपल्या शोधनिबंधात त्याने संदेशाचा उगम, प्रेषक, वाहिनी, मध्ये मिसळणारा गोंगाट, ग्राहक आणि गंतव्य अशी साखळी मांडली, आणि संदेशाच्या अर्थाशी अभियांत्रिकीच्या या प्रश्नाला काही कर्तव्य नाही हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगून टाकले. तारेतून जाणाऱ्या संकेतांचे मोजमाप करायचे असेल तर त्याचे म्हणणे बिनचूक आहे. मात्र पुढच्या पिढीतल्या अनेकांनी तीच आकृती उचलून नवरा-बायको, शिक्षक-विद्यार्थी आणि सरकार-नागरिक यांच्यावर बसवली. अर्थ बाजूला ठेवणारी आकृती अर्थाच्या अभ्यासाचा पाया म्हणून आम्हाला का शिकवली जाते, हा प्रश्न मी वर्गात विचारला. प्राध्यापिका हसल्या आणि म्हणाल्या की या प्रश्नाचे उत्तर शोधायला तीन वर्षे शिल्लक आहेत.

त्या उत्तराचा एक तुकडा मला रोज सकाळी फोनवर मिळत असे. ओहायोत सकाळचे आठ वाजले की घरी संध्याकाळचे साडेपाच झालेले असत, थंडीत घड्याळे मागे गेली की साडेसहा. आई त्या वेळी फोन करी आणि पहिला प्रश्न विचारी, ‘जेवलीस का?’ सकाळी आठ वाजता कोणी जेवत नाही हे तिला माहीत होते आणि तिला माहीत आहे हे मला माहीत होते. शॅननच्या हिशेबाने पाहिले तर उत्तर आधीच ठाऊक असलेल्या प्रश्नातून मिळणारी माहिती शून्य. दुसऱ्या वर्षी आम्हाला संज्ञापनाचे अमेरिकी अभ्यासक जेम्स केरी यांचा १९७५ सालचा निबंध वाचायला लागला. संदेश एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचवणे ही संज्ञापनाची एक कल्पना झाली. माणसे ज्यायोगे आपले सामायिक जग पुन्हा पुन्हा उभे करतात तो विधी ही दुसरी, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आईच्या फोनवर मी चार पानांचे टिपण लिहिले. ते वाचून प्राध्यापिकांनी समासात एवढेच लिहिले की, मग तू काय उत्तर देतेस? मी रोज ‘हो, जेवले’ असेच सांगत असे.

याच विषयात मला सर्वांत कमी गुणही मिळाले, ते जाहीर भाषणाच्या वर्गात. सात मिनिटांच्या भाषणासाठी मी आठवडाभर तयारी केली होती, मुद्दे नेटके होते, उदाहरणे घासून-पुसून घेतलेली होती; तरीही मूल्यमापनाच्या कागदावर ‘श्रोत्यांच्या डोळ्यांत पाहत नाही, आत्मविश्वास कमी’ अशी नोंद आली. मोठ्या माणसांशी बोलताना नजर खाली ठेवावी, डोळ्याला डोळा भिडवून बोलणे म्हणजे उर्मटपणा, हे मी अठरा वर्षे शिकत आले होते, आणि वर्गातल्या श्रोत्यांमध्ये पहिल्या बाकावर माझे मूल्यमापन करणारे साठीचे गृहस्थ बसले होते. नंतरच्या सत्रात देहबोलीच्या अभ्यासक्रमात नजरेचे नियम संस्कृतीगणिक बदलतात हे मुद्देसूद शिकवले गेले. एका वर्गातल्या ज्ञानाची दुसऱ्या वर्गातल्या गुणपत्रिकेशी गाठ कशी पडत नाही, याचे मला तेव्हाही नवल वाटले आणि आजही वाटते.

त्या कमी गुणांमुळेच बहुधा मी वक्तृत्वशास्त्राच्या इतिहासाचा वर्ग ईर्ष्येने घेतला. तेथे अथेन्सपासून सुरुवात होऊन रोम, इंग्लंड आणि मग लिंकन असा प्रवास होता. लिंकनचे गेटिसबर्गचे भाषण इतके आटोपशीर आहे की आम्ही त्याच्या एकेका वाक्यावर एकेक तास घालवू शकलो. सत्राअखेरच्या निबंधासाठी मी नारदीय कीर्तन निवडले. पूर्वरंगात अभंग घेऊन तत्त्वाचे निरूपण करायचे आणि उत्तररंगात आख्यान लावून तेच तत्त्व माणसांच्या गोष्टीतून दाखवायचे, ही रचना श्रोत्याच्या बुद्धीला आणि भावनेला कोणत्या क्रमाने हात घालते हे मला मांडायचे होते. लिहिता लिहिता मी गाडगेमहाराजांकडे वळले, कारण त्यांच्या कीर्तनात ही चौकटच मोडलेली दिसते: ते सांगण्यापेक्षा विचारत अधिक, आणि श्रोत्यांनी दिलेल्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढत. श्रोता बोलल्याशिवाय पुढे सरकायचेच नाही अशी ही पद्धत. निबंधाला चांगले गुण मिळाले, पण ‘याची तुलना सॉक्रेटिसशी करता येईल’ अशी सूचनाही मिळाली. करता येईलच, मात्र अथेन्सच्या माणसाला समजून घेताना गाडगेमहाराजांशी तुलना कर असे त्या वर्गात कोणाला सुचवलेले मी ऐकले नाही.

ही तक्रार मी त्या विषयाविरुद्ध जपून ठेवली होती आणि अजूनही ती पूर्ण मिटलेली नाही. संज्ञापनाच्या पदवीला अमेरिकेतही ‘सोपी पदवी’ म्हणून हिणवतात. खेळाडू मुले ती घेतात, असा टोमणा असतो. तो टोमणा मला खोटा वाटतो, कारण संशोधनपद्धतीच्या वर्गात संख्याशास्त्राने माझी जितकी दमछाक केली तितकी बारावीच्या गणितानेही केली नव्हती. खरा उणेपणा निराळा आहे. माणसे कशी ऐकतात, कशी पटवून घेतात, कोणावर विश्वास ठेवतात याबद्दलचे जे सर्वसामान्य सिद्धांत आम्ही शिकलो, त्यांतल्या बहुतेकांचा पुरावा अमेरिकेतल्या काही मोजक्या गावांत किंवा विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत गोळा झालेला होता.

त्यांतले एक गाव तर आमच्यापासून दोन तासांवर होते. १९४० साली रूझवेल्ट आणि विल्की यांच्यातल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या वेळी, व्हिएन्नाहून अमेरिकेत आलेल्या समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड यांच्या पथकाने ओहायोतल्या ईरी काउंटीत सहाशे मतदारांना मे ते नोव्हेंबर दर महिन्याला गाठून त्यांचे मत कसे बनते, कशाने बदलते हे विचारले होते. रेडिओ आणि वृत्तपत्रांचा प्रचार लोकांची मते सरळ बदलतो, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात फार थोड्यांची मते बदलली, आणि ज्यांची बदलली त्यांनी प्रचारापेक्षा ओळखीच्या माणसाच्या बोलण्याचा उल्लेख अधिक केला. यातून दोन टप्प्यांच्या प्रवाहाचा सिद्धांत निघाला: माध्यमांतला विचार आधी गावातल्या काही जाणत्यांकडे जातो आणि त्यांच्याकडून इतरांकडे. मी ओहायोत पोचले तेव्हा ओबामा आणि रॉम्नी यांच्यातली लढत ऐन भरात होती. कोणत्या बाजूला झुकेल हे सांगता येत नाही अशा राज्यांत ओहायोची गणना होत असल्याने टीव्हीवर बातम्यांपेक्षा प्रचाराच्या जाहिरातीच जास्त दिसत. त्या शरदात आमचा वर्ग ईरी काउंटीतल्या सँडस्की या मुख्य गावी जाऊन आला. पाहण्यासारखे काही नव्हते: तळे, बंदर, उंच पाळण्यांची जत्रा आणि साधी घरे. येथल्या सहाशे माणसांच्या उत्तरांवर जगभरच्या विद्यार्थ्यांना एक प्रकरण वाचावे लागते, याचेच मला आश्चर्य वाटत राहिले.

तिसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय शोधताना मी एका तळटीपेवर अडखळले. लाझार्सफेल्ड यांच्याच परंपरेत घडलेले आणि व्हिएन्नाचेच असलेले समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यास मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत असताना एक अभ्यास केला होता, आणि त्याचा अहवाल युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला होता. ओहायोतल्या महाविद्यालयांची ग्रंथालये ‘ओहायोलिंक’ नावाच्या एका जाळ्याने जोडलेली आहेत. मागणी नोंदवल्यावर तीन दिवसांत ते पातळ पुस्तक माझ्या हातात आले. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने शेतकऱ्यांसाठी अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम मराठीतून प्रसारित केले होते. सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळे स्थापन झाली होती; कार्यक्रम एकत्र बसून ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न व निर्णय केंद्राला कळवायचे, अशी पद्धत होती. मूळ कल्पना कॅनडातली होती. आकाशवाणीचे त्या वेळचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर हे न्यूराथ यांच्यासह अहवालाचे लेखक. गावे पाच जिल्ह्यांतली होती, आणि त्या यादीत ‘उत्तर सातारा’ असे लिहिलेले मला दिसले.

ग्रंथालयाच्या तळमजल्यावर, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, मी ते दोन शब्द किती वेळ पाहत बसले हे सांगता येणार नाही. माझा जिल्हा या विषयाच्या बाहेर नव्हता. त्याच्या आतच, एका तळटीपेत होता. या अभ्यासात श्रोता मंडळे असलेली गावे, रेडिओ असूनही मंडळ नसलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे यांची तुलना केली होती. मंडळांच्या गावांत शेतीविषयक माहितीत मोठी भर पडली, नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती बरीच कमी पडली. म्हणजे यंत्राने जे साधले नाही ते यंत्रासमोर बसून एकमेकांशी बोलण्याने साधले. त्यानंतर १९५९ पासून ही योजना देशभर पसरली, आणि साठच्या दशकात आमच्या गावात स्थापन झालेल्या अशाच एका मंडळाचे चिटणीस माझे आजोबा होते, हे मला त्याच आठवड्यात वडिलांनी फोनवर सांगितले. ‘तू कधी विचारलंच नाहीस,’ असे ते म्हणाले. ‘पत्रकारितेसारखंच काहीतरी’ असे सांगून मीच तो दरवाजा बंद केला होता.

२०१५ च्या उन्हाळ्यात मी गावी येऊन सत्तरी ओलांडलेल्या अकरा जणांच्या मुलाखती घेतल्या. आजोबा त्याआधीच गेले होते, पण त्यांची वही होती. आकाशवाणीला पाठवलेल्या अहवालांच्या नकला त्यांनी सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवलेल्या होत्या. १९६४ साली संकरित ज्वारीचे पहिले वाण आले. त्याच्या पुढच्या हंगामाच्या नोंदीत आजोबांनी लिहिले आहे की मंडळाने चर्चेअंती संकरित बियाणे पेरण्याचा निर्णय एकमताने घेतला. दोन टप्प्यांच्या प्रवाहाचे याहून स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही, म्हणून मी ते प्रकरण मनातल्या मनात लिहूनही टाकले होते.

आजीने ते मोडले. मंडळात बायकांची नावे नव्हती, पण रेडिओ चावडीत लागे आणि चावडी आमच्या घरासमोर होती. ‘आम्ही सोप्यात बसून जोंधळा पाखडायचो आणि ऐकायचो. ही माणसं घरी येऊन आम्हाला काय सांगणार? आम्हाला आधीच ठाऊक असायचं.’ बियाणे आले, पेरले, पीक भरघोस आले; पण हायब्रीडची भाकरी थापताना चिरते, सकाळची संध्याकाळी खाववत नाही, अशी तक्रार आधी चुलीपाशी आणि मग विहिरीवर सुरू झाली. पुढच्या वर्षी आळीतल्या घरांनी विकण्यासाठी हायब्रीड आणि खाण्यासाठी शाळू असा हिशेब बसवला. हा निर्णय कोणी घेतला, कोठे घेतला, एकमताने घेतला की नाही, याची वहीत एका ओळीचीही नोंद नाही. माझा प्रबंध शेवटी त्या न झालेल्या नोंदीवर उभा राहिला: मोजणाऱ्याने ज्यांना श्रोते म्हणून मोजले नाही तेही ऐकत होते, आणि ऐकलेल्यावर उत्तरही देत होते.

पदवीने पुढे काय दिले हे थोडक्यात सांगते. संज्ञापनाच्या पदवीला विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांसारखी मुदतवाढ मिळत नसल्याने शिक्षणानंतर अमेरिकेत काम करायला मला बाराच महिने मिळाले, आणि २०१७ साली मी परत आले. सध्या मी पुण्यात आरोग्यविषयक माहितीपत्रके मराठीत लिहिते. आशा कार्यकर्त्यांच्या हातात ती पत्रके जातात, आणि छापण्याआधी मी गावोगावी बसून ती वाचून घेते. प्रत्येक वेळी निदान एक शब्द असा निघतो की मी लिहिला एका अर्थाने आणि समोरचीने घेतला दुसऱ्याच. वरिष्ठांना हा वेळेचा अपव्यय वाटतो.

राहिली गोष्ट संमतिपत्राची. मुलाखती घेण्यापूर्वी महाविद्यालयाच्या संशोधन नीती समितीची परवानगी घ्यावी लागते, आणि नात्यातल्या व्यक्तीची मुलाखत म्हणून माझ्या अर्जावर दोन बैठका झाल्या. सहभागी व्यक्तीची ओळख गुप्त ठेवली जाईल असे लिहिलेला कागद मी मराठीत करून आजीसमोर ठेवला, तेव्हा ती म्हणाली, ‘मी तुझी आजी. माझ्याकडून सही कसली घेतेस?’ तरीही तिने तिसरीपर्यंतच्या शाळेची आठवण ठेवून, जोर देऊन, पूर्ण नावाची सही केली. पुढच्या वर्षी मे महिन्यात प्रबंध बांधून झाला आणि त्याची एक प्रत मी घरी पाठवली. वडिलांनी तिला तिची पाने उघडून दाखवली, मराठीत समजावून सांगितली. ती सगळे ऐकून घेत होती, आणि मग तिने विचारले की यात माझे नाव कोठे आहे. वडिलांनी बोट ठेवून वाचून दाखवले: ‘उत्तरदाती क्रमांक ४’.

त्या दिवशी फोनवर ती माझ्याशी बोलली नाही.